किटची होडी आणि उघडलेले सांधे: तुमचे प्रश्न

गेल्या वेळी लाकडी होडीच्या किटबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला, त्यातली निम्मी तरी एकाच गोष्टीची आहेत, चिकटवलेला सांधा सुटला, चिकट राहिला, गळतो. म्हणून या वेळी दुसरं काहीच घेत नाही, फक्त सांधे.

प्रश्न: काका, न्यू जर्सीहून लिहितोय. 17 फुटी कयाकचं किट घेतलं, 4 मिमी ओकूमे (एक हलकं लाकूड) प्लाय. लांब फळ्या तुकड्यांत येतात आणि त्यांना कोड्यासारखे दात असतात, ते एकमेकांत बसवून इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून होणाऱ्या गोंदाने) चिकटवायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गॅरेजमध्ये चिकटवले, दोन दिवसांनी फळी उचलली तर कट् आवाज आला आणि एक सांधा उघडला. बाकीचे धरून आहेत पण आता त्यांच्यावरही भरवसा वाटत नाही. फटीत वरून इपॉक्सी ओतून भागेल का?

उत्तर: नाही भागणार, आणि ओतू नकाच. फटीत ओतलेलं इपॉक्सी जुन्या इपॉक्सीच्या गुळगुळीत थरावर जाऊन बसतं, खाली लाकडापर्यंत पोचतच नाही, वरून सांधा भरल्यासारखा दिसतो आणि मग पुढे फळ्या वाकवून तारेने शिवताना नेमका तिथेच परत सुटतो, तेव्हा मात्र सगळा सांगाडा उभा झालेला असतो आणि काम दसपट वाढतं. आत्ता फळी जमिनीवर सपाट आहे, हे तुमचं नशीब समजा.

आधी तुटलेल्या कडा उजेडात न्या आणि नीट बघा, शक्य असेल तर भिंगाने. सांधा का सुटला ते त्या कडेवर लिहिलेलं असतं. लाकडाचे तंतू उपटून इपॉक्सीला चिकटलेले दिसत असतील तर जोड चांगला होता, लाकूड थकलं, म्हणजे उचलताना फळीचं वजन एकाच जागी आलं. कडा कोरडी, लाकडाच्या रंगाची, मध्येमध्ये इपॉक्सीचे ठिपके अशी असेल तर सांधा उपाशी राहिला. प्लायच्या कापलेल्या कडेत आडव्या थरांची तोंडं उघडी असतात आणि ती इपॉक्सी अशी पितात की बघत राहावं, तुम्ही लावलेलं सगळं आत गेलं आणि दोन कडांच्या मध्ये काहीच उरलं नाही. इपॉक्सीचा थर पूर्ण आहे पण चकचकीत, काचेसारखा, त्यावर एकही तंतू नाही, असं असेल तर कडेवर काहीतरी होतं, मेण, तेलकट हात किंवा आधी लावून वाळलेला न घासलेला थर. आणि थरात नख रुतत असेल, रबरासारखं दबत असेल, तर ते सेट झालेलंच नाही.

मार्च, न्यू जर्सी, गॅरेज हे तीन शब्द वाचून माझा अंदाज शेवटचा आहे, सोबत थोडा उपाशीपणाही असेल. इपॉक्सी थंडीत आळसावतं, ढोबळमानाने तापमान 10 अंशांनी उतरलं की वेळ दुप्पट लागतो, आणि 10 अंश सेल्सिअसच्या खाली बहुतेक साधी इपॉक्सी जवळजवळ झोपतातच. दिवसा गॅरेज 12 अंश आणि रात्री 2 अंश असं असेल तर तुमचे दोन दिवस म्हणजे खरे काही तासच.

आता जे सांधे धरून आहेत त्यांचं आधी करा. फळ्या हलवू नका, जागेवरच ठेवा, वर प्लॅस्टिकचा तंबू करा, आत इलेक्ट्रिक हीटर किंवा दोन जुने पिवळे बल्ब ठेवून (प्लॅस्टिकपासून लांब) 25 ते 30 अंशांवर दीड-दोन दिवस ठेवा. गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर अजिबात नको, त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, दोन्ही ताज्या इपॉक्सीचे शत्रू, आणि बंद जागेत तुमच्याही जिवाला घातक. दोन दिवसांनी नख लावून बघा. नख घसरलं, ओरखडा उठला नाही, तर प्रमाण बरोबर होतं, फक्त ऊब हवी होती.

ऊब देऊनही मऊ राहिलं तर मात्र मिक्सिंग चुकलंय आणि त्याला जगात औषध नाही, ते कधीच सेट होणार नाही. इथे एक चूक मी इतक्या लोकांच्या हातून होताना पाहिलीये की मुद्दाम सांगतो. काही इपॉक्सी 5:1 प्रमाणाची असतात आणि कंपनी सोबत पंप देते, ते पंप आधीच त्या प्रमाणात बसवलेले असतात, रेझिनचा एक दाब आणि हार्डनरचा एक दाब, झालं 5:1. पण डब्यावर 5:1 वाचलेलं असतं म्हणून माणूस रेझिनचे पाच दाब देतो आणि हार्डनरचा एक, म्हणजे मिश्रण झालं 25:1. थंडीत रेझिन मधासारखं जाड होतं, तेव्हा पंप अर्धाच भरतो आणि प्रमाण उलट्या बाजूनेही बिघडतं. वजनाने मोजत असाल तर लक्षात ठेवा की आकारमानाचं प्रमाण आणि वजनाचं प्रमाण एकच नसतं, कंपनीने वजनाचा आकडा वेगळा दिलेला असतो तोच घ्या. आणि लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर थोडा जास्त घालणं, हे आपण पोळीच्या पिठात पाणी घालतो तसं नाही, इथे रेणूला रेणू जुळावा लागतो, जास्तीचा हार्डनर तसाच पडून राहतो आणि सांधा कमजोर करतो.

मऊ राहिलेलं काढायचं कसं? हीट गनने तापवा, साधारण 60 अंशांच्या पुढे गेलं की चांगलं सेट झालेलं इपॉक्सीसुद्धा मऊ पडतं, मग लांबी (पुट्टी) भरायच्या पत्तीने खरवडत जा. सावकाश, गन हलती ठेवा, प्लाय काळा पडू देऊ नका. चिकट उरलेलं कापडावर डीनेचर्ड अल्कोहोल घेऊन पुसा, पण गन बंद करून, सगळं थंड झाल्यावर, दार उघडं ठेवून. मग 80 नंबरचा सँडपेपर. अर्धवट सेट झालेल्या इपॉक्सीची धूळ सगळ्यात वाईट, मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घालूनच घासा. या गोष्टीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर जात नाही, माझ्या ओळखीच्या एका चांगल्या कारागिराला त्यापायी हे काम कायमचं सोडावं लागलं. हाताला लागलं तर थिनरने पुसू नका, थिनर ते कातडीच्या आतच नेतो, साबणाने धुवा.

आता परत जोडणं. कडांना आधी नुसतं इपॉक्सी लावा, काहीही न मिसळता, ब्रशने. पाच-दहा मिनिटं थांबा. कडा मॅट दिसायला लागली म्हणजे प्यायली, परत लावा. तहान भागेपर्यंत. मग उरलेल्या इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी सिलिका मिसळून घट्ट करा, किती घट्ट, तर श्रीखंडापेक्षा पातळ आणि दह्यापेक्षा घट्ट. ते लावून दात बसवा, खाली वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि फळीवर वजन. क्लॅम्प पिळून पिळून लावू नका, आपल्या सुतारकामात सरेसाला दाब लागतो ती सवय हाताला असते, इपॉक्सीला मात्र थोडा थर मध्ये राहिलेला हवा असतो. कडेने मण्यांसारखे थेंब बाहेर आले की पुरे. वजन ठेवायच्या आधी फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बघा, कारण दातात केसभर तिरकेपणा असला तर टोकाला तो बोटभर होतो आणि मग डावी फळी आणि उजवी फळी जुळत नाही.

आणि एक समजून घ्या, 4 मिमी प्लायच्या या दातांना चिकटायला जागाच किती असते! ताकद येते ती दोन्ही बाजूंनी वरून बसणाऱ्या फायबरग्लासमुळे, म्हणजे इपॉक्सीत भिजवलेल्या काचेच्या तंतूंच्या कापडामुळे, तोपर्यंत सांधा फक्त फळ्या जागेवर धरतो. त्यामुळे फळी उचलायची ती खाली लांब पट्टी घालून, दोघांनी, आणि ज्या सांध्याबद्दल शंका आहे त्यावर आत्ताच दोन्ही अंगांनी बोटभर रुंद ग्लास टेप लावून टाका. थोडं घासायचं काम वाढेल, वाढू दे.

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही अलिबागला राहतो. माझ्या भावाने परदेशातून स्टिच अँड ग्लू होडीचं किट पाठवलं. जूनमध्ये आतल्या सांध्यांना फिलेट आणि ग्लास टेप केली. आता टेपवर तेलकट पांढरट थर आलाय, काही ठिकाणी दुधाळ दिसतं, आणि नाळेजवळ (होडीच्या पुढच्या टोकाशी) टेप उचकटतेय. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची सगळ्यांची इच्छा आहे. काय करू?

उत्तर: ताई, आधी मनाला न आवडणारं सांगतो, नारळी पौर्णिमेचा हट्ट सोडा. त्या दिवशी नारळ अर्पण करा, होडीला हळदकुंकू लावा, पण पाण्यात दसऱ्यानंतर. श्रावणात कोकणात हवा इतकी ओली असते की नवा थर दिला तरी हेच परत होईल. माझं बालपण मालवणचं, तिथे पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवलेल्या असायच्या, फटीत कापूस भरणं, तेल पाजणं ही कामं ऊन पडल्यावरच व्हायची. रसायन बदललं तरी लाकूड तेच आहे.

वाचकांसाठी थोडक्यात, स्टिच अँड ग्लू म्हणजे प्लायच्या फळ्या कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या, मग आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीची गोलसर पुट्टी, म्हणजे फिलेट, आणि त्यावर ग्लास टेप. ही पद्धत जगभर घरोघरी पोचली ती इंग्लंडमधल्या मिरर डिंगीमुळे, जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी काढलेली, डेली मिरर या पेपरने 1963 मध्ये आणलेली, जेमतेम 3.3 मीटरची होडी, आणि त्या 70,000 च्या वर झाल्या. गंमत बघा, आपल्याकडे शिवलेल्या जहाजांची परंपरा किती जुनी, नौदलाचं आयएनएसव्ही कौंडिण्य हे काथ्याच्या दोरीने शिवलेलं जहाज 2025 मध्ये कारवारला दाखल झालं, अजिंठ्याच्या चित्रावरून केलेलं. तिथे टाके हाच सांधा. तुमच्या होडीत टाके नंतर काढायचे, सगळा भार फिलेट आणि टेपवर. म्हणून उचकटलेली टेप हा दिसण्याचा प्रश्न नाही.

तेलकट पांढरा थर म्हणजे हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर आलंय. घाबरायचं कारण नाही, ते पाण्यात विरघळतं. सगळं सेट झालं असेल तर साधं स्वच्छ पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घ्या, घासा, आणि पाणी आपोआप सुकू न देता कोऱ्या सुती कापडाने लगेच टिपून घ्या, नाहीतर तो थर परत तिथेच बसतो. हे झाल्यावरच पेपर मारा. बरेच जण आधी पेपर मारतात आणि तो मेणासारखा थर घासून घासून ओरखड्यांत भरतात, पुढचा थर मग त्यावर धरत नाही. तुमची टेप उचकटण्याचं कारण बहुतेक हेच, फिलेट एका दिवशी केला आणि टेप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी न धुता लावली, बरोबर ना? फिलेट अजून ओलसर, चिकट असतानाच त्याच दिवशी टेप लावली असती तर दोन्ही थर एकजीव झाले असते, धुणं घासणं काहीच लागलं नसतं.

आता कुठली टेप चांगली आणि कुठली वाईट हे ठरवायला माठ घेताना टिचकी मारतो तसं करा. एक रुपयाचं नाणं घ्या आणि टेपवरून बोटभर अंतराने ठोकत जा. भरीव टक् टक् येईल तिथे सोडून द्या. आवाज बदबद झाला की पेन्सिलीने गोल करा. गोल केलेला भाग कटरने कापून, हीट गनने तापवून सोलून काढा, जिथे टेप जोर लावून फाडावी लागते तिथे थांबा, तिथपर्यंत ती धरून आहे. कडा तिरकी घासत उतरवा, नवी टेप जुन्या टेपवर दोन-तीन इंच चढू द्या. दुधाळ दिसणारा भाग नाण्याला भरीव वाजला आणि नखाला कडक लागला तर ताकदीला धोका नाही, वार्निश करायचं असेल तर डोळ्याला खुपेल एवढंच, पेंट मारणार असाल तर सोडा. मऊ असेल तर काढायचं.

नवं काम सुरू करायच्या आधी प्लायचा एक उरलेला तुकडा घ्या, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, त्याच खोलीत ठेवा, रोज त्याच वेळी वजन लिहा. ऊन पडू लागलं की वजन उतरत जाईल, चार-पाच दिवस एकाच आकड्यावर थांबलं की लाकूड हवेइतकं कोरडं झालं. लाकडातला ओलावा 12 टक्क्यांच्या खाली असावा असा नियम आहे, मीटर मिळालं तर उत्तमच. काम दुपारनंतर करा, लाकूड तापलेलं असतं आणि पुढे थंड होत जातं, थंड होताना लाकूड आतून श्वास ओढतं आणि इपॉक्सीही सोबत ओढून घेतं. सकाळी लावलं तर उलट होतं, लाकूड तापून हवा बाहेर टाकतं आणि थरात बुडबुडे येतात.

नाळेजवळची एखादी फळीच बदलायची वेळ आली तर इथल्या दुकानात आयएस 710 लिहिलेला मरीन प्लाय मागा, आयएस 303 चालणार नाही, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून गळ्यात मारेल. आणलेल्या प्लायचा छोटा तुकडा कापून तासभर उकळा, थर सुटले तर परत करा. कडेने बघून आतल्या थरात पोकळ्या आहेत का तेही तपासा.

प्रश्न: पुण्याहून. मुलीसाठी ऑप्टिमिस्टचं प्लायवूड किट बांधलं, खडकवासल्याच्या पाण्यात शिकायला म्हणून. डॅगरबोर्डच्या (होडी आडवी वाहू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायची उभी फळी) पेटीच्या बुडाशी गळतं. सुताराने ती पेटी पांढऱ्या गोंदाने बसवली होती, गळायला लागल्यावर मी बाथरूमचं सिलिकॉन भरलं, महिनाभर थांबलं, परत गळतंय.

उत्तर: ऑप्टिमिस्ट ही होडी 1947 मध्ये फ्लोरिडाच्या क्लार्क मिल्सने मुलांसाठीच काढली, 2.3 मीटरची, सरळ कडांची, दुरुस्तीला सोपी, त्यामुळे काळजी करू नका. पण सिलिकॉन भरलंत ते अडचणीचं झालं. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही, इपॉक्सी नाही, पेंट नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा धड नाही, आणि ते पुसलं तरी त्याचा अदृश्य थर लाकडात राहतो. ब्लेडने सगळं कापून काढा आणि मग सोबतचं लाकूडही मिलिमीटरभर रंध्याने किंवा पटाशीने उतरवा, कोरं लाकूड दिसेपर्यंत. नुसता पेपर मारू नका, तो सिलिकॉन पसरवतो.

त्याआधी गळती नेमकी कुठून ते शोधा. होडी पाण्यात घालून शोधू नका, दोन स्टुलांवर ठेवा, तळ कोरडा पुसा, आत पेटीभोवती दोन इंच पाणी भरा आणि खाली टॉर्च घेऊन झोपा. पहिला थेंब जिथे येतो तिथे पेन्सिलची खूण. मग पाणी काढा आणि आठवडाभर पंख्याखाली सुकू द्या, ओल्या सांध्यावर केलेली दुरुस्ती फुकट जाते.

साधा पांढरा गोंद घरातल्या कपाटाला उत्तम, सतत पाण्यात राहणाऱ्या सांध्याला नाही, तो ओला झाला की मऊ पडतो आणि भाराखाली हळूहळू सरकतो. डॅगरबोर्डच्या पेटीवर तर वारा धरला की सगळा आडवा जोर येतो. त्यामुळे मी पेटी पूर्ण काढा म्हणेन. हलवून बघा, करकरत असेल तर काढाच. गोंद गरम पाण्याच्या कापडाने शेकला की सुटतो. मग कोऱ्या लाकडावर नुसतं इपॉक्सी, त्यावर घट्ट केलेलं, पेटी बसवून चारी बाजूंनी चक्क्याइतका घट्ट फिलेट, चमचा उलटा केला तरी पडता नये असा, आणि चमच्याच्याच पाठीने त्याला गोलाई द्या. त्यावर टेप, आतून आणि तळाच्या बाजूनेही. पाच मिनिटांत सेट होणारं दोन ट्यूबवालं इपॉक्सी इथे वापरू नका, ते पाण्यात फार टिकत नाही. मुलीला सोबत घ्या, फिलेटवर चमचा फिरवायला लहान हात फार छान चालतात.

प्रश्न: तांब्याच्या तारा इपॉक्सीत अडकल्या, पकडीने ओढल्या तर तुटतात. (ठाणे)

उत्तर: तारेच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न दहा-पंधरा सेकंद टेकवा, तार तापली की भोवतीचं इपॉक्सी सोडतं, मग पकडीने सरळ रेषेत ओढा, तिरकी नको. तुटलीच तर तळाला समांतर घासून टाका आणि वर टेप जाऊ द्या, तांबं आत राहिलं तर बिघडत नाही. लोखंडी बांधणीची तार वापरली असेल तर मात्र एकही आत ठेवू नका, ती गंजते, फुगते आणि सांध्यात तपकिरी डाग काढत लाकूड उकलते, लागलं तर तेवढा फिलेट कोरून काढा.

न्यू जर्सीच्या दादांना एक विनंती, उघडलेल्या सांध्याच्या कडेचा जवळून काढलेला फोटो पाठवा, नख लावलेली जागा दिसेल असा. माझा अंदाज चुकला असेल तर पुढच्या अंकात दुरुस्त करतो.